६० विजय, १३ पराभव : बेसबॉलच्या हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाविषयी थोडे लिहिले होते. या संघाने २०२४ च्या हंगामात ७३ सामने खेळले, त्यांतील ६० जिंकले, १३ गमावले आणि जून महिन्यात ओमाहा येथे महाविद्यालयीन बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, एवढाच त्या मजकुराचा गाभा होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली, याचा मनापासून आनंद वाटला. सॉफ्टबॉलमुळे हातात ग्लोव्ह घालणारी मुले-मुली आपल्या खानदेशात पूर्वीपासून आहेत, आणि त्यांतलीच बरीचशी बेसबॉलही खेळतात. त्यामुळे आलेले प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नसून खेळणाऱ्यांचे आणि खेळवणाऱ्यांचे आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे या सदरात छापली जात नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल शहरात शिकते आणि फोनवर या संघाविषयी भरभरून सांगते. मला मात्र एक कोडे सुटत नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना हरला की संघ संध्याकाळच्या एसटीने घरी परततो. मग १३ सामने हरलेला संघ देशाचा विजेता कसा ठरतो? आणि शिकणारी मुले ७३ सामने खेळतात तरी केव्हा? (एक पालक, जळगाव)

उत्तर : आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाची स्पर्धा असते, त्यांच्याकडे हंगाम असतो, सगळा फरक यातून येतो. तिकडचे सामने फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतात आणि जूनच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालतात. नियमित हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. साधारण रीत अशी, की शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने होतात आणि मधल्या वारी, बहुधा मंगळवारी, जवळपासच्या एखाद्या संघाशी चौथा सामना होतो. हे सामने आटोपले की त्या त्या विद्यापीठ-समूहाची स्पर्धा होते. टेनेसीचा समूह साउथईस्टर्न कॉन्फरन्स या नावाने ओळखला जातो. त्यानंतर देशभरातून ६४ संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडले जातात आणि त्यांचे चार-चार संघांचे १६ गट पाडले जातात. या गटांत दोनदा हरल्याशिवाय कोणीही बाद होत नाही. १६ गटविजेत्यांच्या जोड्या लावून तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे, असे ठरते आणि उरलेले आठ संघ नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी जातात. १९५० पासून ही शेवटची फेरी तिथेच भरते, आणि अंतिम लढतही एका सामन्याची नसून तीन सामन्यांची असते.

स्पर्धेची अशी रचना करण्यामागे खेळाचा स्वभाव आहे. बेसबॉलमध्ये सामन्याचे पारडे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, फिरवतो आणि पिचर रोज तोच नसतो. शुक्रवारी पूर्ण ताकदीने चेंडू टाकलेला मुलगा रविवारी उभा राहू शकत नाही. म्हणजे एकाच संघाचे शुक्रवारचे आणि रविवारचे रूप वेगळे असते, आणि उत्तमोत्तम संघही पाच-सात सामन्यांत एखादा हरतोच. त्यामुळे एका दुपारच्या निकालावर संघाची पारख करणे अन्यायाचे ठरते.

याचा दाखला टेनेसीच्याच इतिहासात आहे. २०२२ साली या संघाने ६६ सामन्यांत ५७ विजय मिळवले आणि फक्त ९ पराभव पत्करले. देशात पहिले मानांकन त्यांचेच होते. तरीही ओमाहाच्या उंबरठ्यावर, स्वतःच्याच मैदानावर, नोटर डेम विद्यापीठाने त्यांना तीनपैकी दोन सामन्यांत हरवले आणि घरी बसवले. दोन वर्षांनी १३ वेळा हरलेला संघ विजेता झाला. विजयाचे प्रमाण पाहिले तर २०२२ मध्ये ते ८६ टक्क्यांहून थोडे अधिक होते आणि २०२४ मध्ये ८२ टक्क्यांच्या आसपास. मला विचाराल, तर २०२२ चा हंगामही अत्यंत यशस्वी म्हणावा, कारण जवळपास चार महिने सातत्याने चांगले खेळणे ही चषकापेक्षा लहान गोष्ट नाही. चषक हुकलेल्या संघाला आपल्याकडे लगेच अपयशी ठरवतात, ते मला पटत नाही.

२०२४ मध्ये ओमाहातल्या पहिल्याच सामन्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध टेनेसीचा संघ शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात पिछाडीवर होता. त्याच डावात धावा जमवून त्यांनी तो सामना १२-११ असा जिंकला. अंतिम लढतीत टेक्सास ए अँड एम संघाने पहिला सामना ९-५ असा घेतला, दुसरा टेनेसीने ४-१ असा जिंकला, आणि २४ जूनला झालेला तिसरा ६-५ असा सुटला. त्या शेवटच्या सामन्याच्या सातव्या डावात टेनेसीचा हंटर एन्स्ली होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोहोचल्यावर धाव पूर्ण होते तिथे, धावत आला तेव्हा चेंडू त्याच्या आधी कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बसणाऱ्या झेलरक्षकाच्या, हातात पोहोचला होता. कॅचर त्याला शिवून बाद करायला वाकला, एन्स्ली अंग चोरून बाजूने घसरला आणि त्याचा हात प्लेटला लागला. पुढे निकाल एका धावेचाच लागला. १९९९ मध्ये मायामी विद्यापीठाने केले होते, त्यानंतर प्रथमच पहिले मानांकन असलेला संघ विजेता झाला. आपल्या कन्येने हे सारे त्या शहरात राहून अनुभवले असेल, तर तिचे भरभरून बोलणे साहजिकच आहे.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील एका महाविद्यालयात खेळाचे काम पाहतो. आमच्याकडे एकच खरा पिचर आहे. दोन दिवसांत तीन सामने खेळावे लागतात. सलग दोन वर्षे आम्ही त्याच्या जोरावर अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात त्याचा वेग गेला. त्याचा दम वाढवण्यासाठी कोणता व्यायाम द्यावा? (एक क्रीडाशिक्षक, शहादा)

उत्तर : आपली तळमळ पत्रातून दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. त्या मुलाचा दम कमी पडलेला नाही, त्याच्यावर टाकलेला भार जास्त झाला आहे. कोणताही व्यायाम या भाराला पुरा पडणार नाही.

हिशेब करून पाहावा. एका डावात पिचरला साधारणपणे १५ चेंडू टाकावे लागतात. सामना सात डावांचा धरला तरी शंभराच्या वर चेंडू होतात. दोन दिवसांत तीन सामने म्हणजे तीनशेहून अधिक, आणि सरावाचे, अंग मोकळे करण्याचे चेंडू त्यात धरलेलेच नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची मुख्य संघटना आणि यूएसए बेसबॉल ही तिथली राष्ट्रीय संस्था यांनी २०१४ मध्ये तरुण पिचरांसाठी 'पिच स्मार्ट' या नावाने मर्यादा आखून दिल्या. १७ आणि १८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ हून अधिक आणि १९ ते २२ वर्षांच्या मुलाने १२० हून अधिक चेंडू टाकू नयेत, असे त्या सांगतात. विश्रांतीचेही प्रमाण त्यांत ठरवून दिले आहे : ३० चेंडूंपर्यंत दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरता येते, ३१ ते ४५ चेंडू झाले तर एक दिवस, ४६ ते ६० झाले तर दोन दिवस आणि ६१ ते ८० झाले तर तीन दिवस विश्रांती हवी, त्यापुढे चार दिवस, आणि मोठ्या वयोगटात १०५ च्या पुढे गेल्यास पाच. पिचरने त्याच सामन्यात कॅचर म्हणून बसू नये, हेही त्यात आहे. आपल्या अंतिम सामन्यात उतरलेला मुलगा या मोजमापाने चार-पाच दिवस मैदानाबाहेर असायला हवा होता.

चेंडू खांद्यावरून जोराने फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. स्नायू दमतात तेव्हा हा ताण अधिकच त्या बंधावर जातो, आणि तो तुटला की शस्त्रक्रियेवाचून जोरदार फेक सहसा परत येत नाही. फ्रँक जोब या शल्यविशारदाने १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया प्रथम केली, म्हणून ती त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आजही त्यानंतर परतायला वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्या मुलांना एवढा खर्च, एवढी वाट आणि एवढी देखभाल कोण पुरवणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पंच म्हणून उभा होतो. एका संघाच्या पिचरने सकाळचा पूर्ण सामना टाकला आणि दुपारी पुन्हा तोच उतरला. पाचव्या डावापासून त्याचा चेंडू प्लेटच्या अलीकडे टप्पा खाऊ लागला. सामना त्यांनीच जिंकला, पेढेही वाटले गेले. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा तो मुलगा जारपाशी उभा होता. उजव्या हातात पेला होता, पण तो तोंडापर्यंत जाईना; शेवटी डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार देऊन त्याने पाणी घेतले. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "सर, हात वर व्हई नही ऱ्हायना." पुढच्या वर्षी तो संघात नव्हता. पंच म्हणून मला त्याला थांबवता आले नसते हे खरे, पण त्याच्या मार्गदर्शकांशी दोन शब्द बोलता आले असते. ते बोललो नाही, याची खंत मला आजही आहे आणि आपल्याला इतके सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

आपण कापसाच्या मुलखातले आहात. वेचण्या संपल्यावर पाणी देऊन फरदड घेण्याचा मोह होतो, पदरात चार बोंडे पडतातही, पण गुलाबी बोंडअळीला त्यात घर मिळते आणि पुढच्या वर्षीचे पीक धोक्यात येते, म्हणून फरदड घेऊ नका असे कृषी विभाग सांगत असतो. दमलेल्या हाताकडून तिसरा सामना काढून घेणे ही फरदडच आहे.

आता उपाय. आपल्याला दुसरा, तिसरा आणि जमल्यास चौथा पिचर तयार करावा लागेल, आणि तो बाहेरून आणण्याची गरज नाही. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूच्या थांब्यांच्या) मधे, किंवा सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, खेळणाऱ्या मुलाचा हात बहुधा दणकट असतो. त्याला रोज वीस-पंचवीस चेंडू कॅचरच्या ग्लोव्हवर टाकायला लावावेत. वेग मागू नये, अचूकता मागावी. दहांपैकी सहा-सात चेंडू स्ट्राईक, म्हणजे फलंदाजाला मारता येण्याजोग्या पट्ट्यात, टाकणारा मुलगा दोन डाव सहज सांभाळतो, कारण मागे क्षेत्ररक्षक उभे असतात. महाविद्यालयाच्या ॲथलेटिक्स संघातील भालाफेक करणाऱ्या मुलांकडेही अवश्य पाहावे. २००८ साली भारतात वेगवान चेंडूफेकीची मोठी स्पर्धा झाली होती. तिच्यातून पुढे आलेले उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटूच होते. बेसबॉल त्यांनी त्याआधी कधी खेळलेला नव्हता, तरी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजापेक्षा सीमारेषेवरून थेट यष्टींवर फेक करणारा क्षेत्ररक्षक या कामाला लवकर तयार होतो, कारण गोलंदाजीत कोपर सरळ ठेवावे लागते आणि पिचिंगमध्ये ते वाकवावेच लागते.

पहिला सामना तुलनेने सोपा असेल, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पिचरवर सोपवावा. एक पिचर पूर्ण सामना टाकतो ही कल्पनाच सोडून द्यावी. प्रत्येकाला दोन किंवा तीन डाव द्यावेत आणि प्रत्येकाचे चेंडू मोजायला राखीव खेळाडूंपैकी एकाला वही घेऊन बसवावे. मुख्य पिचरला पहिल्या दिवशी ३० चेंडूंच्या आत थांबवले, तर अंतिम सामन्यात तो ताज्या हाताने उतरेल. कदाचित या पद्धतीने आपण एखाद्या वर्षी उपान्त्य फेरीतच हराल. तेही पत्करावे.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. मुलगा महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात आहे, पण तीन सामन्यांत त्याला फक्त एकदा, तेही दुसऱ्याच्या जागी धावायला उतरवले. घरचे काम सोडून तो सरावाला जातो. हे योग्य आहे का? (एक शेतकरी, चोपडा)

उत्तर : आपले दुःख समजते. मैदानात नऊच जण असतात आणि बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू सहसा त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे प्रशिक्षक बदल जपून करतात आणि राखीव खेळाडूची वेळ उशिरा येते. पण दुसऱ्याच्या जागी धावायला आपल्या मुलालाच निवडले, याचा अर्थ संघात त्याचे पाय चपळ मानले जातात आणि शेवटच्या डावात एका धावेची गरज असताना प्रशिक्षकांना तो आठवतो. वर ज्या ६-५ च्या सामन्याचे वर्णन केले, त्यात एका मुलाचे चपळाईने घसरणे किती मोलाचे ठरले, ते आपण वाचलेच असेल.

त्याने बाकावर बसून दोन कामे करावीत. समोरचा पिचर पहिला चेंडू कसा टाकतो, बेसवर धावपटू असताना त्याची हालचाल कशी बदलते, हे टिपून ठेवावे. आणि आपल्या पिचरला बाजूला सराव देण्यासाठी चेंडू झेलायला स्वतःहून उभे राहावे. आपण प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा मुलाला का खेळवत नाही असे न विचारता, त्याने काय सुधारावे असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही नीट देत नाही, दुसऱ्याचे मात्र बहुतेक प्रशिक्षक मनापासून देतात. केळीच्या कापणीच्या दिवसांत त्याने सराव चुकवला तरी हरकत नाही, फक्त तसे आधी सांगून चुकवावा.

प्रश्न : सर, मी सॉफ्टबॉलमध्ये शॉर्टस्टॉपला खेळते. यंदा मुलींच्या बेसबॉल संघातही नाव दिले आहे. सरावात माझी पहिल्या बेसवरची फेक खाली पडते. माझे काय चुकते? (एक विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : तुझे काही चुकत नाही, अंतर बदलले आहे. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमध्ये ६० फूट असतात, बेसबॉलमध्ये ९०. तुझ्या हाताला साठ फुटांच्या मैदानाची सवय आहे. चेंडू लहान आहे, त्याचा घेर १२ इंचांऐवजी सुमारे ९ इंच असतो, म्हणून बोटांची पकड शिवणीवर आडवी घ्यायला शिक. तशी पकड घेतली की चेंडू सरळ जातो. फेकण्याआधी पहिल्या बेसच्या दिशेने एक छोटी उडीवजा पावली टाक, म्हणजे सगळे काम खांद्यावर पडणार नाही. एवढे करूनही चेंडू पोहोचत नसेल, तर एक टप्पा देऊन फेकण्यात काही कमीपणा नाही.

तुला आणखी एक बदल जाणवेल. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही; बेसबॉलमध्ये ती आधीच चार पावले पुढे जाऊन उभी राहते. त्यामुळे शॉर्टस्टॉपला पिचरइतकेच दुसऱ्या बेसवरच्या धावपटूकडेही लक्ष द्यावे लागते. पहिल्या आठवड्यात याचा गोंधळ होईल, नंतर अंगवळणी पडेल.

प्रश्न : आमच्या मैदानावर पिचरसाठी उंचवटा नाही. सपाट जमिनीवर सराव करून बाहेर गेलो की आमच्या पिचरचे सगळे चेंडू उंच जातात. उंचवटा कसा करावा? (बेसबॉल संघाचा कर्णधार, अमळनेर)

उत्तर : चेंडू उंच जाण्याचे कारण आपण बरोबर ओळखले आहे. हा उंचवटा, म्हणजे माउंड, १८ फूट व्यासाचा गोल असतो आणि त्याची सर्वाधिक उंची होम प्लेटच्या पातळीपासून १० इंच असते. पिचर ज्या पांढऱ्या रबरी पट्टीवर पाय ठेवतो ती २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते, आणि तिच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असते. पट्टीच्या पुढे सहा इंचांपासून उतार सुरू होतो आणि तो दर फुटाला एक इंच याप्रमाणे खाली येतो.

आपल्याकडची काळी माती या कामाला वापरू नये. ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग उतरत्या पायाखाली खड्डा पडतो. खाली बारीक मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर पाणी मारून चोपावा, वर चिकणमाती आणि बारीक वाळूचे मिश्रण घालावे, आणि पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे माती रोज सराव संपल्यावर ओली करून दाबावी. मैदानाच्या मधोमध कायमचा माउंड करायला इतर खेळांमुळे परवानगी मिळाली नाही, तर कुंपणाच्या कडेला सरावापुरता करावा. अंतर आणि उतार बरोबर असला म्हणजे झाले.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून नातवाच्या संघाची स्कोअरबुक लिहितो. संपूर्ण हंगामाची नोंद ठेवायची असल्यास कोणते आकडे काढावेत? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्यासारखी माणसे लाभलेला संघ भाग्यवान आहे. फलंदाजासाठी नुसती सरासरी पुरेशी नाही. समजा, एक मुलगा २० वेळा फलंदाजीला आला. ५ वेळा त्याने हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला, ४ वेळा चार बॉल, म्हणजे स्ट्राईकच्या पट्ट्याबाहेरचे चार चेंडू, मिळून चालत पहिल्या बेसवर गेला, एकदा चेंडू अंगाला लागला आणि १० वेळा आउट झाला. सरासरी काढताना चालत गेलेले आणि चेंडू लागलेले प्रसंग वगळतात, म्हणून ती १५ पैकी ५, म्हणजे ०.३३३ येते. पण तो बेसवर पोहोचला २० पैकी १० वेळा, म्हणजे ०.५००. संघाला धावा मिळवून देण्यात हा दुसरा आकडा अधिक बोलतो आणि धीराने खेळणाऱ्या मुलाला त्यातच न्याय मिळतो.

पिचरसाठी, त्याच्या स्वतःच्या हिश्शाच्या धावांना ९ ने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागतात. १४ डावांत अशा ६ धावा गेल्या, तर ५४ भागिले १४, म्हणजे ३.८६. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेल्या धावा त्यात धरायच्या नाहीत. तो निर्णय स्कोअररचा असतो, आणि तिथे नातवाच्या बाबतीतही आपण कठोर राहाल अशी खात्री आहे. याशिवाय प्रत्येक पिचरने त्या दिवशी किती चेंडू टाकले, हा रकाना स्वतः आखून घ्यावा. शहाद्याच्या पत्राचे उत्तर वाचल्यावर त्याचे कारण वेगळे सांगायला नको.

प्रश्न : तिकडच्या महाविद्यालयीन सामन्यांत बॅट लागल्यावर धातूचा आवाज येतो. लाकडी बॅट का नाही? (एक विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : लाकडी बॅट मोडते आणि वारंवार घ्यावी लागते, म्हणून महाविद्यालयीन खेळात ॲल्युमिनियमची किंवा संमिश्र साहित्याची बॅट चालते. आपल्याकडे हिलाच स्लगर म्हणतात. पूर्वी या बॅटवरून चेंडू फारच वेगाने सुटे. १९९८ ची अंतिम लढत २१-१४ अशी झाली होती. २०११ पासून बॅटच्या उसळीवर मर्यादा घालण्यात आली. एका हंगामात सर्वाधिक १८८ होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे टोले, लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९९७ मध्ये, म्हणजे जुन्या बॅटच्या काळात मारले. टेनेसीने २०२४ मध्ये मर्यादा असलेल्या बॅटने १८४ मारले, आणि मला ही कामगिरी अधिक मोठी वाटते.

प्रश्न : भारतीय वंशाच्या एका पिचरने महाविद्यालयीन बेसबॉल गाजवला, असे ऐकले. तो कोण? (एक वाचक, यावल)

उत्तर : तो कुमार रॉकर. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेले. वडील ट्रेसी रॉकर हे अमेरिकन फुटबॉलमधील नावाजलेले खेळाडू आणि प्रशिक्षक. कुमार खेळला तो व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून, आणि हे विद्यापीठही टेनेसी राज्यातच, नॅशव्हिल शहरात आहे. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी ओमाहाला जाण्यासाठीच्या लढतीत त्याच्या संघाने ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा पहिला सामना १८-५ असा गमावला होता. आणखी एक पराभव झाला असता तर हंगाम संपला असता. ८ जूनला कुमार उतरला, १९ फलंदाजांना स्ट्राईकवर बाद केले, एकही हिट दिली नाही, आणि संघ ३-० असा जिंकला. त्यासाठी त्याने १३१ चेंडू टाकले.

दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्यात मात्र त्याला उतरवण्यात आले नाही. तो सामना इतर पिचरांनी जिंकून दिला. पुढे मिशिगनविरुद्धच्या अंतिम लढतीत पहिला सामना हरल्यावर दुसऱ्यात कुमार पुन्हा उभा राहिला आणि तो सामना ४-१ असा सुटला. तिसराही जिंकून व्हँडरबिल्टने ५९ विजय आणि १२ पराभव असा हंगाम संपवला.

त्यानंतरची त्याची वाट सोपी नव्हती. २०२१ मध्ये खांद्याची आणि २०२३ मध्ये कोपराची, म्हणजे वर सांगितलेली टॉमी जॉन शस्त्रक्रिया त्याला करून घ्यावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर प्रथम उतरला. त्या दिवशी त्याने चार डाव टाकले आणि सात फलंदाजांना स्ट्राईकवर बाद केले.